वाडीचा प्रसाद एका पार्सलात

मुलुंडच्या आमच्या कीर्तन सप्ताहाचा प्रसाद दरवर्षी कोकणातल्या वाडीत घरटी वेगळ्या पाकिटाने जातो. यंदा मंडळाचा नवा चिटणीस सुबोध याने पोस्टखर्च वाचवायला सगळ्यांचा प्रसाद एकाच पार्सलात वाडीतल्या धोंडिरामांकडे वाटायला धाडला. शेजारच्या भावजयीशी, राधाकाकूंशी, त्यांचा बांधावरून अबोला. अंथरुणावरच्या काकूंना कणभरही मिळाला नाही. फोनवर रडल्या, "जानकी, मंडळानंही वाळीत टाकलं काय गं मला?"

माझं डोकंच फिरलं. तडक सुबोधला गाठलं.

"मागून घ्यायचा ना त्यांनी, जानकीकाकू!"

"भांडलेल्या दिराच्या दारात? देवाचा प्रसाद काय भीक आहे रे? बांध पुडी. तिकिटं मी लावते, पण पाकिटावर राधाकाकूंचं नाव तूच लिहायचंस."