खिडकीतला कूलर आणि मी

मी हिवरखेडचा एक जुना लॅपटॉप बोलतोय. सावकाश बोलेन, सावकाश ऐका. पोटात अक्षरं पुष्कळ, पण मला त्यातलं एकही वाचता येत नाही. जे समजलं ते माणसांकडे बघून.

जन्म कुठला, ठाऊक नाही. अकोल्यात एका वकिलाकडे पाच वर्षं काढली. तिथून दानिशनं मला जुन्यात घेतलं. त्याचे वडील वाहेदचाचा गाद्या भरतात. दोन सालं कपाशी बुडाली, तशी लोकांनी गाद्या भरून घेणंही सोडलं. चाचा दुपारचे बसून असत, मग माझी धूळ पुसत. इतकी माया वकिलाकडे नव्हती.

त्या मे महिन्यात दानिशची आई, अकीलाचाची, न्हाणीत पडली. मांडीचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, खाट हलवायची नाही. आणि शुक्रवारी नागपूरला नगमाचा निकाह. नगमा म्हणजे मुलीची मुलगी, पण वाढवली चाचीनंच. तेव्हा दानिशनं ठरवलं, आई माझ्यात निकाह पाहील. समोरच्या खोलीतल्या इंटरनेटच्या डबीशी त्यानं मला बिनतारी जोडलं, खाटेजवळ ठेवून दोनदा चालवून पाहिलं आणि तो नागपूरला गेला.

दुसऱ्या दिवशी चाचांनी चाचीसाठी कूलर आणून खिडकीत बसवला. पत्र्याचा, मोठा, पोटभर पाण्याचा.

शुक्रवारी दीड वाजता मला उघडलं, तर कोपऱ्यात लाल फुली. निकाह दोनला. चाचांनी दानिशला फोन लावला.

"अब्बा, बाजूचं बटन सरकवा. मग डबी बंद करा, दहा मोजा, चालू करा."

चाचांनी दहा मोजले. शेजारचे रामराव निकाह पाहायला आले होते, त्यांनीही मोजले. फुली तशीच.

"तुमी लई जल्दी मोजता," रामराव म्हणाले. "कापूस मोजता का?"

पुन्हा मोजलं. मग चाचांनी एका बोटानं पासवर्ड टाकला. फुली हलेना. मला वाटलं, झालं आपलं वय. चाचीनं तोंड फिरवलं. "राहू द्या," ती म्हणाली. "नसीबात नसन."

तेव्हा रामरावांनी मला उचललं. विहिरीचं पाणी पाहणारा हातावर नारळ घेऊन वावरात फिरतो ना, तसे ते मला तळहातांवर घेऊन फिरले. समोरच्या खोलीत रेघा पूर्ण. अंगणात पूर्ण. खिडकीबाहेर, अगदी कूलरला टेकून, तरी पूर्ण. आत आणून कूलरमागे धरलं, की फुली.

"वाहेदभाई, तुमचा कूलरच आडवा हाय. भीत हातभर मातीची. येक खिडकीच तं होती नेटले आत याले."

बाहेर पंचेचाळीसचं ऊन. चाचा चाचीकडे बघून हळूच म्हणाले, "हा काढला तं थे भाजून निघन, रामराव."

"काढा," चाची म्हणाली. "चाळीस वर्सं चुलीपुढं बसली, तवा कोनं पुसलं? येका घंट्यानं काय होते."

दोघा म्हाताऱ्यांनी पाण्यासकट कूलर ओढला. अर्धं पाणी चाचांच्या पायजम्यावर.

"घ्या, तुमालेच थंडक," रामराव म्हणाले.

फुली गेली. थोड्या वेळानं माझ्यात नगमा दिसली. विचारल्यावर ती "कबूल" म्हणाली, इतकं हळू की मलाही धड ऐकू आलं नाही. मग दानिशच्या फोनकडे बघून म्हणाली, "नानी, आलं ऐकू?"

"नाई. पुन्ना बोल. लहानपनी तं गल्ली डोक्यावर घेत होती, आताच काहून लाजून राहिली?"

तिथले सगळे हसले. नगमा पुन्हा बोलली, आता मोठ्यानं. चाची घामानं निथळत होती, चाचा ओल्या टॉवेलानं वारा घालत होते. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला.

"हा बी तापला. याले बी हवा घाला जरासी."

चाचांनी घातली. उभ्या जन्मात मला कुणी वारा घातला, तो तेवढाच.

आता कूलर दाराशी असतो आणि येणारा-जाणारा अंग चोरून जातो. माझी दोन बटनं निघाली, वायरीशिवाय मी उठत नाही. पण दर शुक्रवारी नगमा माझ्यात येते आणि नानी-नात साग्रसंगीत भांडतात. मला आणखी काय हवं?

फक्त एक मागणं. आमच्यासारखं जुनं कुणी ऐकेनासं झालं, तर लगेच भंगारात काढू नका. आधी त्याला हातांवर घ्या आणि घरातून एक फेरी मारा.