भिंतीपलीकडची लोहारसाळ

झिगमार नोआकने आयुष्यभर लोकांचे दात बनवले. दवाखान्यांतून जबड्यांचे साचे त्याच्याकडे यायचे, तो त्यावर कवळ्या बेतून परत पाठवायचा. म्हातारपणी त्याने दुकान बंद केलं, बारीक ड्रिल, चिमटे, मेणाच्या वड्या, प्लास्टरची उरलेली गोण असं सगळं घरी आणलं आणि बायकोला म्हणाला, "ट्राउडे, मला माळा लागेल."

"किती?"

"सगळा."

ट्राउडेने हे मला कुंपणावरून सांगितलं. आमचं जोडघर आहे. छप्पर एक, मध्ये भिंत. अलीकडे मी, पलीकडे ते दोघं. "आगगाडी मांडणार म्हणे," ती म्हणाली. "या वयात लोक गुडघे बदलून घेतात. हा रूळ टाकतोय."

पण ती आगगाडी कुठली, हे कळल्यावर ती थट्टा करायची थांबली. झिगमारला ब्रेझनित्स उभं करायचं होतं.

ब्रेझनित्स आता नाही. आमच्या लाउझित्स भागात कोळशापायी जी गावं गेली, त्यातलं ते एक. घरं पाडली, चर्चचा मनोरा सुरुंगाने उडवला, पुढे तिथे खड्डा पडला आणि खाण संपल्यावर खड्ड्यात पाणी सोडलं. उन्हाळ्यात लोक तिथे पोहायला जातात. गावची माणसं अर्धी आमच्या वसाहतीत आली, अर्धी शहराच्या टोकाला काँक्रीटच्या उंच इमारतींमध्ये. मी मूळची कोटबुसची, लग्न करून इथे आले. त्यामुळे ब्रेझनित्सची माणसं आपसांत भांडली की मला पंच नेमतात. मला काही माहीत नसतं, हीच माझी लायकी.

हिवाळाभर झिगमारने नुसता आराखडा केला. माळ्याच्या जमिनीवर कागद चिकटवून त्यावर तो मोज्यांनी रांगायचा. स्टेशन, मालधक्का, चर्च, खानावळ, शाळा, रस्ता, फाटक, ओढा. घरांच्या जागी त्याने प्लास्टरचे छोटे ठोकळे ठेवले होते आणि प्रत्येकावर पेन्सिलीने नाव. ठोकळ्यांना अजून दाढांचा आकार यायचा; हाताला तीच सवय होती.

बातमी फुटली आणि रविवारी दुपारी लोक येऊ लागले. कुणी केक आणायचं, कुणी काकडीच्या लोणच्याची बरणी, कुणी लग्नाचा फोटो, ज्यात नवरानवरीच्या मागे खानावळीची खिडकी अर्धी दिसायची.

"झडपा हिरव्या होत्या."

"निळ्या! तू आत बसलेला असायचास, तुला बाहेरून कधी दिसल्या?"

"इर्मा, तू सांग."

"मी काय सांगू? मी कोटबुसची."

माणसं गुडघे टेकून आपापला ठोकळा शोधायची. एक बाई आपल्या ठोकळ्यावर बोट ठेवून बराच वेळ तशीच बसून राहिली, मग उठून म्हणाली, "कोंबड्यांचं खुराडं विसरलास." झिगमारने लगेच लिहून घेतलं.

अडचण एकच होती. गाव खरं तर रस्त्याच्या कडेने लांबलचक पसरलेलं. कितीही लहान केलं तरी ते त्या माळ्यात मावेना. बरं, झिगमारला गाडी फिरती ठेवायची होती, म्हणजे दोन्ही टोकांना तिला वळायला जागा हवी. वळण आवळलं तर डबे रुळावरून उतरतात. त्याने पुठ्ठ्याचे तुकडे कापून शंभरदा लावून पाहिलं. शेवटी फाटकापाशीच वळण सुरू करावं लागलं आणि ते झाकायला त्यावर टेकडी. टेकडीखालून गाडी जाणार, वळणार, बाहेर येणार. छान युक्ती होती. फाटकापलीकडची दोनतीन घरं तेवढी जाणार होती.

त्यातलं एक घर गोटहोल्ड क्राउत्सचं होतं. गावचा लोहार.

तो मार्चमध्ये आला. पंचाऐंशीचा, एक खुबा निकामी. मुलीने गाडीतून आणून सोडलं आणि जिन्यावर धरू दिलं नाही म्हणून ती खालीच थांबली. वर आल्यावर तो काठीचं टोक रुळाच्या रेघेवरून सरकवत चर्च, शाळा, खानावळ करत फाटकापर्यंत गेला. तिथे तारेच्या जाळीचा उंचवटा होता.

"हे काय?"

"टेकडी आहे, काका," झिगमार म्हणाला.

"ब्रेझनित्सला टेकडी? आमच्याकडे पोरांना घसरगुंडी खेळायला साधा ढिगाराही नव्हता."

"गाडी वळवायला जागा नाही हो. वळण कशाने तरी झाकावं लागतं."

"आणि माझी लोहारसाळ?"

झिगमारने जाळीची वर आलेली तार आत दाबली.

"टेकडीखाली," म्हातारा म्हणाला. "तुझ्या बापाचं घर मात्र मधोमध आहे. पायऱ्यांसकट."

"काका, ते स्टेशनला लागून होतं, म्हणून..."

"तुझा बापही माझ्याकडे आला तेव्हा हेच म्हणाला होता. इलाज नाही, गोटहोल्ड, जागा लागणार आहे." त्याने काठी उचलली. "तुमच्या घराण्याला माझ्या घराची जागा फार लागते."

तो उतरून गेला. केक कुणी कापला नाही.

झिगमारचा बाप गावचा सरपंच होता. गाव उठवायचं ठरलं तेव्हा वरून हुकूम आला आणि दारोदार जाऊन सह्या घ्यायचं काम त्याच्या गळ्यात पडलं. तो नवीन वसाहतीत आल्यावर फार जगला नाही. जगला तेवढे दिवस गावची माणसं दुकानात त्याला पाहून दुसऱ्या रांगेत जायची. हे मला ट्राउडेने त्या संध्याकाळी सांगितलं. झिगमारने कधीच सांगितलं नव्हतं.

त्यानंतर माळ्यावरची करवत थांबली. भिंतीतून मला तिचा आवाज यायचा, तो येईनासा झाला. झिगमार बागेत बसू लागला, करण्यासारखं काही नसताना कात्री घेऊन. एप्रिल गेला. एक दिवस ट्राउडे त्याच्यासमोर कॉफीचा कप आपटून म्हणाली, "मला एक सांग, आपली ती गाडी गोल फिरायची का रे?"

"कुठली?"

"ब्रेझनित्सची. मी रोज तिने शाळेला गेले. ती जायची आणि यायची. गोल गोल कधी फिरली?"

"गोल फिरली नाही तर माळ्यात काय चालणार? या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. हात लांब केला की संपली."

"मग भिंत काढ."

हे ती रागाने बोलली होती. पण दोघांनी एकदमच माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याच बागेत वाटाण्याच्या शेंगा सोलत बसले होते, आणि भिंतीच्या त्या बाजूला माझा माळा होता.

"माझ्याकडे काय बघताय?" मी म्हटलं.

"इर्मा," झिगमार म्हणाला, "बुटाच्या खोक्याएवढं भोक. त्यापेक्षा मोठं नाही."

"आणि माझ्या बाजूला?"

"एक फळी. हातभर रुंद. तुझ्या वस्तूंना धक्का नाही."

खरं सांगायचं तर मला आनंद झाला. नवरा गेल्यापासून मी माळ्यावर चढलेही नव्हते. पण लगेच होकार दिला तर किंमत राहत नाही, म्हणून मी दोन दिवस विचार करते म्हटलं.

भिंतीला भोक पाडणं सोपं होतं. ते धुराडं तपासायला येणाऱ्या माणसापासून लपवणं अवघड. तो वर्षातून एकदा काळ्या कपड्यांत येतो आणि दोन्ही माळे पाहतो. आग एका घरातून दुसऱ्या घरात जाऊ नये म्हणूनच ती भिंत असते. तो भोकापाशी वाकला, आत हात घातला, पलीकडून झिगमारने वेंधळेपणाने त्या हाताशी हस्तांदोलन केलं.

"नोआक, हे काय आहे?"

"बोगदा."

"हा गुन्हा आहे," तो म्हणाला. मग भोकातून पलीकडचं गाव दिसलं असावं, कारण तो बराच वेळ वाकून राहिला. उठला तेव्हा म्हणाला, "लोखंडी झाकण बसवा. जाड. गाडी नसेल तेव्हा बंद. मी पुढच्या आठवड्यात बघायला येतो, आणि माझा मुलगा बरोबर असेल, त्याला चालणारी गाडी दाखवायची."

आता लोहारसाळीला जागा झाली होती. पण ती दिसायची कशी, हे एकाच माणसाला माहीत होतं. तिचा फोटो कुणाकडेच नव्हता. झिगमारने अंदाजाने प्लास्टरची एक बनवली आणि मला म्हणाला, "चल माझ्याबरोबर. बाईमाणसासमोर तो दार आपटणार नाही."

क्राउत्स पाचव्या मजल्यावर राहायचा. दार उघडलं, आपटलं नाही, पण या असंही म्हणाला नाही. स्वयंपाकघरात उकडलेले बटाटे, चक्का आणि जवसाचं तेल, एका माणसाचं जेवण मांडलेलं होतं. झिगमारने खोक्यातून लोहारसाळ काढून टेबलावर ठेवली. वाडग्याच्या बाजूला ती मुठीएवढी दिसत होती.

म्हाताऱ्याने चष्मा पुसला.

"दार चुकलंय."

"हो का?"

"दार रुळाकडे होतं. घोडा आत नेताना गाडीची शिट्टी झाली की तो बुजायचा, बायको रोज ओरडायची, दार फिरवून घ्या म्हणून. आणि हे धुराडं कुणाचं? पाववाल्याचं? लोहाराचं धुराडं एवढं बारीक?" त्याने काट्याच्या दांड्याने दाखवलं. "हे इथून फुगीर. इथे अक्रोडाचं झाड. मागे संडास." तो थांबला. "संडास अंगणात होता. थंडीत रात्री जायचं म्हणजे कंदील घेऊन."

झिगमार लिहीत होता. म्हातारा त्याच्या पेन्सिलीकडे बघत राहिला.

"तुझा बाप आला तेव्हा मी सही केली नाही," तो म्हणाला. "तुला कुणी सांगितलं असेल की त्याने माझ्याकडून जबरदस्तीने घेतली."

"तुम्हीच सांगायचात, काका. सगळ्यांना."

"सांगायचो. सही एल्लीने केली." एल्ली त्याची बायको. "मी कामात होतो. ती बाहेर आली, हात पुसले आणि तुझ्या बापाला विचारलं, तिकडे नळाला गरम पाणी येतं का? तो म्हणाला, येतं. तिने उभ्या उभ्या सही केली. घर तिच्या वडिलांचं होतं, तिचीच सही लागायची."

मी विचारलं, "आवडलं का त्यांना इथे?"

"आवडलं?" म्हातारा म्हणाला. "ती न्हाणीघरात गाणी म्हणायची. मला खालच्या मजल्यावर ऐकू यायचं. तीन हिवाळे म्हणाली, मग गेली." त्याने लोहारसाळ हातात घेतली, फिरवून पाहिली, खाली ठेवली. "आता मी एल्लीवर चिडणार होतो का? तुझा बाप सोयीचा होता. समोर होता, आणि तो उलट बोलायचा नाही."

"घरीही बोलायचा नाही," झिगमार म्हणाला.

"चांगला माणूस होता तो. भित्रा, पण चांगला." क्राउत्सने वाडगा पुढे ओढला. "बटाटे गार झाले. तुम्ही बसा की, उभे काय? इर्माबाई, वरच्या फळीवर ताटल्या आहेत."

नवी लोहारसाळ व्हायला उन्हाळा गेला. धुराडं तीनदा मोडलं. अक्रोडाचं झाड झिगमारने तांब्याच्या तारेतून वळून केलं आणि पानांना वाळलेला पुदिना चुरून लावला, त्यामुळे माझ्या माळ्यावर पुदिन्याच्या चहाचा वास येऊ लागला.

सप्टेंबरच्या एका शनिवारी पहिली गाडी सोडायची ठरली. लोहारसाळ माझ्या बाजूला असल्याने क्राउत्स माझ्या दारातून आला, माझा जिना चढला आणि फळीसमोर खुर्ची ओढून बसला. पलीकडे गावातली बाकी सगळी माणसं स्टेशनाभोवती दाटीवाटीने उभी होती. आमच्या बाजूला फक्त आम्ही दोघं.

"सोडली!" भिंतीआडून झिगमार ओरडला.

भोकातून इंजिनाचा दिवा दिसला, घरघर आली आणि खाडकन थांबली. डबा कडेला अडकून आडवा झाला होता.

"तुझ्या भिंतीला कोपरा राहिलाय, नोआक!" म्हातारा भोकात तोंड घालून ओरडला. "कानस आण!"

"कुठल्या बाजूला?"

"माझ्या! तू राहू दे, तुझे हात दाताचे. मला दे."

पलीकडून हात आला, हातात कानस. क्राउत्सने ती घेतली आणि भोकावरच्या लोखंडी झाकणाच्या चौकटीची कड घासायला बसला. त्याचा खुबा दुखत असणार, पण तो उठला नाही. लोखंडाचा चुरा रुळावर पडत होता, तो मी बोटाने टिपत होते. पलीकडे सगळे ऐकत होते. घासून झाल्यावर त्याने कड अंगठ्याने चाचपली आणि म्हणाला, "हं. आता सोड."

या वेळी गाडी आली. हिरवं इंजिन, मागे तीन डबे, माझ्या माळ्यावर हळूहळू बाहेर निघाले आणि लोहारसाळीसमोर, उघड्या दारासमोर थांबले.

"पोचली का?" झिगमारने विचारलं.

म्हाताऱ्याच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायला त्याचे हात काळे होते. मी माझा रुमाल दिला.

"काका? पोचली का हो?"

"पोचली," मी ओरडले. "जरा दम धर."

त्या दिवसापासून क्राउत्स दर शनिवारी येतो. आधी कॉफी माझ्याकडे, मग वर. झिगमार पलीकडून गाडी सोडतो, हा इकडून परत पाठवतो. दोघं एकमेकांना दिसत नाहीत आणि भोकातून सतत भांडतात. एकदाच, नाताळाच्या आधी, तो जिना उतरून बाहेरून वळसा घालून तिकडच्या माळ्यावर गेला. सरपंचाच्या घरासमोर वाकून उभा राहिला, पायऱ्या मोजल्या, आणि एवढंच म्हणाला, "एक जास्त झाली." झिगमारने दुसऱ्या दिवशी ती कापली.

गेल्या शनिवारी मी कॉफी घेऊन वर गेले तर दोघंही माझ्या बाजूला होते. क्राउत्स खुर्चीत, झिगमार जमिनीवर मोज्यांनी रांगत, हातात मोजपट्टी.

"हे बघ," क्राउत्स त्याला सांगत होता, "गाडी माझ्या दारात कधीच थांबली नाही. मी काय स्टेशन होतो? ती सरळ पुढच्या गावाला, वाल्डोला जायची. जंगलातून."

"जंगल मोठं होतं," झिगमार म्हणाला.

"मोठं होतं. आणि वाल्डोचं स्टेशनही नीट होतं, दोन फलाटांचं."

मग दोघांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. माळ्याच्या उरलेल्या भागात माझ्या चादरी वाळत होत्या.

"आणि हे कुठे वाळवू मी?" मी विचारलं.

"जंगलात," क्राउत्स म्हणाला आणि कॉफीसाठी हात पुढे केला.