माश्यांची गाडी

मित्रांनो, मी म्हातारी झाले आहे हे वेगळे सांगायला नको. माझ्या डाव्या दाराला नुसता हात लावा, ते कुरकुरत सगळे सांगून टाकेल. मी एक मालवाहू गाडी आहे. पुढे दोघांना ऐसपैस आणि तिसऱ्याला अंग चोरून बसता येईल एवढी जागा, मागे उघडा हौदा. कारखान्यात माझ्यासारख्या कितीतरी बहिणी एका रांगेत जन्मल्या. कुणाच्या नशिबी विटा आल्या, कुणाच्या नशिबी भाजी. माझ्या नशिबी मधमाश्या आल्या.

मला घरी आणले ते एका मधपाळाने. सगळे त्यांना आजोबा म्हणत. पेट्या हलू नयेत म्हणून त्यांनी माझ्या हौद्यात स्वतःच्या हाताने लाकडी कप्पे ठोकले. खालच्या रानातली फुले सरली की माश्यांच्या पेट्या डोंगरापलीकडच्या पठारावर न्यायच्या आणि तिथला बहर ओसरला की परत आणायच्या, हे माझे काम. माश्या संध्याकाळी घरी परतल्या की पेटीच्या दाराला बारीक जाळी लावायची, पेट्या चढवायच्या आणि ऊन तापायच्या आत पलीकडे पोहोचायचे.

आजोबांचा एक नियम होता. पेट्या पाठीवर असताना माझे इंजिन बंद करायचे नाही. माझी थरथर चालू असली की माश्या निवांत असतात, ती थांबली की चवताळतात. आजोबा कुठे चहाला थांबले तरी मी आपली घुरघुरत उभी. "गाडी गातेय तोवर पोरी झोपतात," असे ते म्हणायचे. माश्यांना ते पोरी म्हणत. पठारावर पोहोचलो की माझ्या तापलेल्या नाकावर थोपटून म्हणत, "शाबास, गवईबाई!" तसे कौतुक पुन्हा कुणी केले नाही.

आजोबा गेले आणि त्यांच्या मुलाने काम हाती घेतले. आजोबांचे नियम त्याने बापाच्या अस्थी जपाव्यात तसे जपले. हसू मात्र तेवढे जपले नाही. त्याची मुलगी लहानपणी एका जागी ठरत नसे, म्हणून तिला भिंगरी म्हणायचे. मी सांगणार आहे ती गोष्ट भिंगरीची आहे.

त्या वर्षी भिंगरीला गाडी चालवायचा परवाना नुकताच मिळाला होता. हंगाम संपला की ती शिकायला दूरच्या शहरात जाणार होती. तिच्या मैत्रिणी समुद्रावर हुंदडायला निघाल्या होत्या आणि तिचीही पिशवी भरून तयार होती. तेवढ्यात झाडावरचे मोहोळ उतरवताना बाबा पडले आणि उजवा हात प्लास्टरमध्ये अडकला. खालच्या रानात फूल उरले नव्हते. पेट्या हलवल्या नाहीत तर माश्या उपाशी मरणार होत्या.

"दुसरं कुणी मिळालं असतं तर तुझ्या हाती चाक दिलं नसतं," बाबा शेजारी बसता बसता म्हणाले.

"दुसरं कुणी मिळालं असतं तर मी आलेही नसते," भिंगरीने माझा गिअर टाकला.

"हळू! गिअर आहे तो, वरवंटा नाही."

वाटभर असेच चालले. ती वळण घेई आणि बाबा पायाने माझी जमीन दाबत, जणू तिथेही एक ब्रेक आहे. ती गाणे गुणगुणू लागली की ते म्हणत, "पुढे बघ." ती गप्प झाली की म्हणत, "झोप येतेय का?" पोरगी ओठ चावून चालवत होती. पण मित्रांनो, चांगले चालवत होती. खड्डा दिसला की ती पेट्यांसाठी श्वास रोखून धरायची, ते मला चाकावरच्या तिच्या हातांतून कळे.

डोंगर अर्धा चढलो आणि पुढे रस्ता बंद झाला. लाकडाचे ओंडके नेणारा एक ट्रक वळणावर आडवा झाला होता आणि ओंडके रस्ताभर पसरले होते. आमच्या पुढे एक प्रवासी बस, मागे बघता बघता गाड्यांची रांग. ना पुढे जाता येई, ना वळता येई. सूर्य कड्यावर आला, मग कड्याला सोडून थेट माझ्या हौद्यावर आला.

नियमाप्रमाणे माझे इंजिन चालूच होते. माझ्या वयाची गाडी उभी राहून, वरून ऊन खात किती वेळ घुरघुरेल? माझ्या पोटातले पाणी खदखदू लागले.

"बाबा, काटा लाल पट्ट्यात गेलाय. बंद करते."

"हात लावू नकोस चावीला. पोरी उठतील."

"गाडी फुटेल!"

"आजोबांनी कधी बंद केली नाही."

ती थांबली. हीच आमच्या घरची चूक होती. बाहेरच्या कुणालाही उकळत्या गाडीचे इंजिन बंद करायला सांगावे लागले नसते. आम्हाला मात्र ते सुचूनही करवेना.

शेवटी ते मीच केले. नाकातून वाफेचा एक लोट सोडला, दोन आचके दिले आणि बंद पडले.

क्षणभर सगळे शांत. मग माझ्या पाठीवर ते सुरू झाले. आधी नुसती कुजबुज. मग प्रत्येक पेटीतून एक एक सूर चढत गेला आणि हौदाभर गर्जना उभी राहिली. बसच्या चालकाने खिडकीतून डोके काढले.

"अहो ताई, मागे काय, विमान बांधून आणलंय का?"

"मधमाश्या आहेत, काका."

"मध... अगं बाई!" हे बोलली ती मागच्या बाकावरची प्रवासीण. पाहता पाहता बसच्या साऱ्या खिडक्या धडाधड बंद झाल्या. एरवी मला हसू आले असते.

भिंगरी हौद्यावर चढली. पेट्यांच्या जाळ्या दिसत नव्हत्या. हवेसाठी धडपडणाऱ्या माश्यांनी त्या आतून गच्च भरून टाकल्या होत्या आणि जी हवा यायची तीही अडवली होती. एका कोपऱ्यातल्या पेटीच्या फटीतून मध ओघळत होता. आत मेण वितळायला लागले होते.

आमच्याकडे पाण्याचा एकच कॅन होता. तो माझ्यासाठी ठेवलेला. भिंगरीने तो उचलला तसे बाबा ओरडले, "ते इंजिनाचं आहे! गाडी चालू झाली नाही तर सगळंच संपलं!"

"इंजिन निवायला दुपार होईल, बाबा. तोवर पोरी मेल्या तर कुणासाठी चालू करायची?"

मी तहानलेली होते, मित्रांनो. घसा म्हणजे काय ते गाडीला माहीत नसते, पण त्या दिवशी मला घसा होता. तिने झाकण काढले आणि माझ्यावरून हात उंच नेऊन ते पाणी जाळ्यांवर शिंपडले. माझ्या वाट्याला हौद्याच्या फटीतून ठिबकलेले चार थेंब आले. गर्जना जरा उतरली. पण उन्हाला कोण अडवणार? पाणी पाहता पाहता वाळून गेले.

आमच्या उजवीकडे रस्त्याला लागून एक मातीची वाट खाली उतरत होती. तळाशी दाट झाडी होती आणि झाडांत ओढ्याची एक बारीक रेघ चमकत होती.

"खाली नेते, सावलीत," भिंगरी म्हणाली. "आणि तिथे पेट्या उघडते."

"वाटेत पेटी उघडायची नसते! परक्या जागी सुटलेली माशी परत येत नाही."

"अंधार पडेपर्यंत पेट्या हलवल्या नाहीत तर येतील. दुसऱ्या कुणाचं घर त्यांना कुठे ठाऊक आहे?"

"आजोबा असते तर..."

"आजोबांना या डोंगरात कधी दुपार झालीच नव्हती, बाबा!"

ती रागाने नाही, जवळजवळ रडत म्हणाली. हौद्यात कोपऱ्यातल्या त्या पेटीचा आवाज थांबला होता. दोघांनाही ते ऐकू आले. माशी ओरडते तोवर आशा असते. ती गप्प झाली की विषय संपतो.

बाबा दार उघडून खाली उतरले. मला वाटले, आता हिला ओढून बाहेर काढणार. त्यांनी तसे केले नाही. ते मातीच्या वाटेवर पुढे जाऊन उभे राहिले आणि चांगल्या हाताने खूण केली, ये.

इंजिन बंद असले की माझा ब्रेक दगडासारखा कडक होतो आणि चाक वळता वळत नाही. भिंगरीने मला मोकळे सोडले. बसचा चालक आणि मागच्या गाडीतली दोन माणसे ढकलायला आली, माश्यांना भीत, माना खांद्यात घालून. माझी पुढची चाके वाटेवर उतरली आणि उतार मला खेचू लागला.

"डावीकडे! अजून! दगड आहे!" बाबा उलटे चालत ओरडत होते.

भिंगरी ब्रेकवर अक्षरशः उभी राहिली होती. बाकाला पाठ टेकवून दोन्ही पायांनी दाबत होती. पाठीवर चाळीस पेट्या, समोर तिचा बाप, आणि मधे मी, घसरणारी. आयुष्यात इतके जपून मी कधी चालले नाही. एका जागी मागचे चाक सरकले, पेट्या करकरल्या. बाबा बाजूला झाले नाहीत. "दाबून धर," ते एकदम हळू म्हणाले, "येतंय तुला." तिने दाबून धरले. झाडांच्या सावलीत, ओलसर मातीत माझी चाके रुतली आणि मी थांबले.

तिने जाळीची टोपी चढवली आणि एकेक जाळी उपटायला घेतली. माश्या धुरासारख्या बाहेर पडल्या. तिच्या मनगटांवर, मानेवर डंख बसत होते. ती "आई गं" म्हणे आणि पुढच्या पेटीकडे वळे. बाबा एका हाताने ओढ्यातले पाणी आणून पेट्यांवर शिंपडत राहिले. सगळ्या पेट्या उघडल्या तेव्हा सगळी झाडी गुणगुणत होती आणि माझ्या पाठीवरच्या पेट्या जवळपास रिकाम्या झाल्या होत्या.

आता त्या परततात की नाही, एवढेच उरले होते. दोघे माझ्या सावलीला बसले. वर रस्त्यावर ओंडके हलवल्याचे आवाज आले, मग गाड्या सुटल्या. बस हॉर्न वाजवून गेली. आम्हाला निघता येत नव्हते. ऊन कलले, झाडांच्या सावल्या ओढ्यापलीकडे गेल्या. पेट्यांच्या दारांशी हालचाल दिसेना. बाबा गवताची काडी मोडत होते, मोडलेली पुन्हा मोडत होते.

"आता कसं करायचं गं?" त्यांनी विचारले.

त्या माणसाने कुणाला काही विचारलेले मी तोवर ऐकले नव्हते.

"मलाही माहीत नाही," भिंगरी म्हणाली. "बसू या अजून."

मग एक आली. हौद्याच्या कडेवर बसली, दोनदा वाट चुकली आणि आपल्या दारातून आत शिरली. तिच्यामागे दोन, मग मोजता येईनात इतक्या. सुजलेल्या हाताने भिंगरीने बाबांची बाही तेवढी धरली.

सगळ्या परतल्या नाहीत. चार पेट्या कायमच्या गप्प झाल्या. बाबा त्यांच्यावर बराच वेळ हात ठेवून उभे होते. अंधार पडल्यावर भिंगरीने दारांना पुन्हा जाळ्या लावल्या, माझ्या निवलेल्या पोटात ओढ्याचे पाणी ओतले, आणि वाट चढून उरलेल्या पेट्या आम्ही पठारावर पोहोचवल्या. हंगाम सरला आणि भिंगरी ठरल्याप्रमाणे शहरात गेली. त्या दिवसामुळे तिने बेत बदलला, असे काही झाले नाही. फक्त त्यानंतर घरी फोन आला की पहिली पाच मिनिटे बाबाच बोलत, तिला पेट्यांबद्दल काय काय विचारत.

आता मी परसात उभी असते. नवी गाडी पेट्या नेते. माझ्या हौद्यात कोंबड्या बसतात आणि पावसाळ्यात मी थोडी थोडी झिजते. मला भंगारात द्यायचे बोलणे अधूनमधून निघते आणि राहून जाते.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. यंत्र असो, माशी असो, नाहीतर घरातले माणूस, ज्यांना सोसवेनासे होते ते नेहमी बोलून दाखवतातच असे नाही. त्यांचा सूर बदलतो. तो बदलला की हातातले काम ठेवा आणि जवळ जा. सूर बंद पडेपर्यंत वाट पाहू नका.