कुन्नेईवरचं हिम

बर्फाळ उत्तरेतल्या खारियलाख गावात माणूस पुरला की पुरला. पुन्हा दफनभूमीच्या टेकाडाकडे कुणी फिरकत नाही. कुंपण मोडलं तर मोडू द्यावं, क्रूस कलला तर कलू द्यावा; मेलेल्याच्या उशाशी जाऊन हाक मारली तर तो मागे लागतो, असं तिथली जुनी माणसं सांगतात. अगाफ्याला हे ठाऊक नव्हतं असं नाही. ती त्याच गावची लेक आणि त्याच गावची सून. पण सात वर्षं ती आठवड्यातून दोनदा टेकाडावर जात होती आणि त्यासाठी कुणाच्या बापाला विचारत नव्हती.

शेजारची ओगदो आजी कुंपणावरून टोमणा मारायचीच. "निघालीस का गं मेलेल्यांना चहा पाजायला?"

"पाजते. तुझ्यासाठीही जागा बघून ठेवते, आजी."

"बघ, बघ. पण वाऱ्यावरची बघ हो, मला डास सोसत नाहीत."

टेकाडावर कुन्नेई होती. तिची सहा वर्षांची पोर. फेब्रुवारीत चार दिवस तापली आणि पाचव्या दिवशी सकाळी गेली. बाहेर थंडीचं धुकं इतकं दाट, की शहरातून डॉक्टरचं विमान निघणं शक्यच नव्हतं. त्या दिवसांत तिथल्या जमिनीत कुदळ चालत नाही. अगाफ्याचा नवरा प्रोकोपी आणि त्याचे दोन भाऊ यांनी ओंडके पेटवायचे, वीतभर माती सैल झाली की उपसायची, पुन्हा ओंडके पेटवायचे, असं करत तीन दिवसांत खड्डा केला. बापाच्या वाट्याला याहून वाईट काम येत नसेल. खड्डा झाल्यावर तो काजळलेल्या तोंडानं घरात आला आणि भिंतीकडे बघत बसलेल्या बायकोला म्हणाला, "खाली सगळं गोठून दगड झालंय, अगाफ्या. तिथं काही सडत नाही. ती आहे तशीच राहील."

या एका वाक्यावर ती बाई जगली. पाद्री येऊन गेला, नातलग येऊन गेले, कुणाचा काही उपयोग झाला नाही. पण आपली पोर लाल बूट घालून, दोन वेण्या आणि पडलेल्या दातासकट खाली निजली आहे, हे तिला पटलं. मग निजलेल्या पोरासाठी आई जे करते ते ती करू लागली. ऑक्टोबरात हिम पडायला लागलं की फावडं घेऊन जायची, आजूबाजूचं सगळं हिम थडग्यावर ओढायची आणि कमरेइतका ढीग चांगला थापून ठेवायची. घराच्या भिंतींनाही ती असंच हिम थापायची. सगळं गाव थापतं, घर उबदार राहतं. बाहेर उणे पन्नास असताना पोरीला उघडी कशी ठेवायची?

तीन वर्षांपूर्वी शहरातल्या एका संस्थेचा मिचिल गावात आला. तोही गावकऱ्यांसारखाच सखा जमातीचा, घोड्यांची चांगली जाण असलेला, हसतमुख माणूस. गावाबाहेरचं गवताचं कुरण एव्हाना उंटाच्या पाठीसारखं वरखाली झालं होतं. खालचा बर्फ वितळला की जमीन खचते आणि उंचवटे तेवढे उरतात. ट्रॅक्टर तिथं उलटायचा. मिचिलनं कुरणात बारा जागी लोखंडी कडी रोवली आणि मोजणीला अगाफ्याला घेतलं. काम सोपं होतं. पारदर्शक पेटी कड्यावर पालथी घालायची, पाच मिनिटं थांबायचं, जमिनीतून वायू किती वर आला तो यंत्रावर वाचायचा आणि वहीत लिहायचा.

"पण माती श्वास घेते म्हणतोस, म्हणजे काय रे?" तिनं पहिल्याच उन्हाळ्यात विचारलं होतं.

"एजी, तुमच्या बुलूसमध्ये मांस असतं ना?" तो तिला थोरल्या बहिणीच्या मानानं एजी म्हणायचा. बुलूस म्हणजे गोठलेल्या जमिनीत खणलेलं तळघर. तिथलं मांस पुढच्या उन्हाळ्यापर्यंत टिकतं. "झाकण उघडं राहिलं तर?"

"वास मारतो. सासू हयात असती तर शिव्याही मिळाल्या असत्या."

"तसंच हे. हजारो वर्षांची मुळं, पानं, गवत, जनावरं, सगळं खाली गोठून पडलंय. जिवाणूही तिथंच झोपलेत, मेलेले नाहीत. ऊब लागली की उठतात आणि खायला बसतात. खातात त्याचा वायू होतो. तो वर येतो आणि हवा आणखी तापवतो."

"आणि मग आणखी उठतात."

"तुम्हीच शिकवा आता मुलांना, मी गुरं राखतो."

ती हसली होती. कुरणातली गोष्ट होती, कुरणापुरती. टेकाडाचा विचार तिच्या मनाला शिवला नाही. माणूस आपलं दुःख कडीकुलपात ठेवतो, तिथं शहाणपणालाही शिरू देत नाही.

या जुलैत ती टेकाडावर गेली तेव्हा थडगं खचलेलं होतं. मधोमध परातीएवढा खळगा, त्यात पाणी, पाण्यावर डास. पलीकडचं म्हाताऱ्या वासीलीचं थडगं होतं तसं होतं, तिथं चाळीस वर्षांत कुणी फिरकलं नव्हतं तरी. अगाफ्या गुडघ्यावर बसली आणि तिनं ओंजळीनं पाणी काढलं. थोड्या वेळानं पुन्हा पाणी साचलं. तिनं पुन्हा काढलं.

दुसऱ्या दिवशी बारा जागा मोजून झाल्यावर ती पेटी आणि यंत्र घेऊन घराकडे न वळता टेकाड चढली. काय करतोय हे तिला चांगलं कळत होतं, आणि करू नये हेही कळत होतं. खळग्याच्या कडेला पेटी पालथी घालून तिनं कडेनं ओली माती दाबली. कुरणात पाच मिनिटांत आकडा तीसनं चढायचा, फार तर चाळीसनं. इथं तो दुसऱ्याच मिनिटाला साठनं चढला. पाच मिनिटांनी चढ एकशे सत्तरचा होता. तिनं पेटी उचलली, झटकली, पुन्हा ठेवली. पुन्हा एकशे सत्तर. हाताला वळण होतं म्हणून तिनं वहीत बाराच्या खाली तेरा लिहिलं आणि त्यापुढं आकडा मांडला.

मिचिल ऑगस्टमध्ये वही न्यायला आला. चहा ओतून होतो न होतो तोच वही चाळताना तो उडालाच. "एजी! ही तेरावी जागा कुठली? एकशे सत्तर? अहो, एवढा आकडा आमच्याकडे कुठंच नाही! दाखवा मला, आत्ता चला. तिथं कायमचं कडं बसवू."

अगाफ्या रोटीवर लोणी लावत होती. लावतच राहिली.

"तिथं हिवाळ्यात हिम साचतं का हो खूप?" तो आपल्याच नादात होता. "कुंपण असेल, झुडुपं असतील. साचत असणार. हिम म्हणजे रजई. उन्हाळ्यात जमिनीत शिरलेली ऊब हिवाळ्यात बाहेर पडायला हवी, तर वरून रजई. मग थंडी खाली उतरतच नाही. पूर्वीचे हिवाळे एवढे कडक होते, की असल्या रजईनं काही बिघडत नव्हतं. आता हिवाळाच अर्धामुर्धा, त्यावर कमरेइतकं हिम म्हणजे झालंच. म्हणून तर तुम्ही बुलूसवरचं हिम झाडता ना?"

झाडत होती. आठ वर्षांची होती तेव्हापासून झाडत होती. बुलूसवर हिम पडलं की लगेच फावडं-खराटा घ्यायचा, जमीन उघडी करायची आणि झाकण सताड उघडं ठेवायचं, म्हणजे थंडी आत भरते. घराला थापायचं आणि बुलूसवरचं काढायचं, हे त्या गावात शेंबड्या पोरालाही कळतं. सात हिवाळे तिनं सकाळी बुलूसवरचं हिम काढलं आणि दुपारी जाऊन पोरीवर रचलं. दोन्हीला फावडं एकच होतं.

"माझी मुलगी आहे तिथं," ती म्हणाली. "हिम मीच रचते."

मिचिलला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा त्यानं कप खाली ठेवला आणि टोपी काढली. "एजी, हा वायू मातीतलाच असेल. जुन्या मुळांचा. एवढ्याशा... म्हणजे तुमच्या एकटीमुळं नाही हे. सगळीकडेच वितळतंय."

"बारा जागी तीस. माझ्या जागी एकशे सत्तर. मीच मोजलंय, बाबा." तिनं रोटी त्याच्या पुढ्यात सारली. "खा. गार होतेय."

त्यानं जाताना वहीतलं ते पान फाडून तिच्या हातात दिलं.

नवऱ्याला ती काही बोलली नाही. जेवण कमी झालं. टेकाडावर जाणं थांबलं. ओगदो आजीनं कुंपणावरून दोनदा टोमणा मारला, उत्तर आलं नाही, तेव्हा तिसऱ्यांदा ती वाटीभर घट्ट साय घेऊन आली आणि ओट्यावर ठेवून गेली.

ऑक्टोबरच्या मध्यावर हिम पडलं. दिवसभर पडलं, दुसऱ्या दिवशीही पडलं. प्रोकोपी गोठ्यातून आला तर बायको खिडकीशी बसलेली.

"जात नाहीस, म्हातारे?"

"नाही."

"फावडं काढून ठेवलंय मी."

तेव्हा तिचा बांध फुटला. पेटी, आकडा, मिचिल, रजई, सगळं तिनं एका दमात सांगितलं. "मी नासवलं तिला, प्रोकोपी! कुणी नाही, मी! ती आहे तशी राहिली असती. मी माझ्या हातांनी ऊब घालून घालून नासवली तिला. जिवाणूंना जागं केलं आणि पोर त्यांच्या पुढ्यात वाढली." तिनं हात टेबलावर आपटले. "सात वर्षं रे! आणि तू..." ती एकदम थांबली. बुलूस प्रोकोपीनं स्वतः खणला होता. गावातले अर्धे बुलूस त्यानंच खणले होते. "तू बघितलं होतंस? मी काय करते ते?"

"पहिल्याच वर्षी. गवत आणताना रस्त्यावरून दिसलं."

"आणि तुला कळलं नाही?"

प्रोकोपी बाकावर बसला. बुटांवरचं हिम वितळून खाली पाणी होत होतं. "कळलं," तो म्हणाला.

"मग बोलला का नाहीस? तोंड शिवलं होतं?"

"तू आठ महिने भिंतीकडे बघत होतीस. चमच्यानं भरवावं लागायचं. त्या दिवशी तू आपणहून उठलीस, फावडं घेतलंस, दोन तास राबून आलीस आणि म्हणालीस, मला भूक लागलीय. मासा खाल्लास. अख्खा. मग माझ्या ताटातलाही घेतलास." त्यानं बुटांवरचं उरलेलं हिम झटकलं. "ती तर गेलीच होती, अगाफ्या. तुला सांगितलं असतं तर तूही गेली असतीस. दोघींतली एकच माझ्या हातात होती."

ती त्याच्या अंगावर धावून गेली. छातीवर, खांद्यावर, हात लागेल तिथं मारलं. त्यानं मारू दिलं. मग ती त्याच्या मेंढीच्या कातड्याच्या कोटात तोंड खुपसून ओरडून रडली. सात वर्षांपूर्वी असं रडायचं राहून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं टेकाडावर गेली. प्रोकोपी पोरीला पुरल्या दिवसानंतर पहिल्यांदाच येत होता; कुंपणाशी तो अडखळला, मग आत आला. अगाफ्यानं फावडं मारायला सुरुवात केली. हिम भराभर बाजूला पडत होतं. खाली वाळलेलं गवत दिसू लागलं, काळी माती दिसू लागली, तसे तिचे हात थांबले. वारा सुटला होता. पापण्यांवर बर्फाचे खडे जमत होते.

"मला नाही होत," ती म्हणाली. "एवढीशी आहे रे. उघडी कशी टाकू?"

प्रोकोपीनं फावडं घेतलं. उशाकडून सुरुवात करून त्यानं नीट, एकेक फावडं हिम काढत माती उघडी केली. खाली आता राखण्यासारखं काही उरलेलं नाही, हे त्यालाही माहीत होतं आणि तिलाही. तीनचतुर्थांश थडगं उघडं झालं तेव्हा तिनं त्याची बाही धरली.

"पायाशी तरी राहू दे," ती म्हणाली. "थोडंसंच."

तेवढ्या हिमाच्या उबेनंही खाली काय होतं ते प्रोकोपीला गावात सगळ्यांत जास्त कळत होतं. त्यानं बायकोच्या तोंडाकडे पाहिलं. मग फावडं बाजूला टेकवलं आणि पायाकडचं हिम हातमोज्यानं नीट थापून दिलं.