उपाशी कुणगा

सकाळी दोन्ही बशांत पांढरी रेघ उमटलेली दिसली आणि इशरतनं बशांवरच्या चिठ्ठ्या पुन्हा वाचल्या.

रेघ एकाच बशीत यायला हवी होती. अंजनवेल गावच्या कुळथाच्या मुळांवरच्या गाठींतून तिनं एक जिवाणू निवडला होता. हवेतला नायट्रोजन पिकाला पुरवण्यात तरबेज. त्याच्या अंगावरचं आवरण तिनं सोडवून घेतलं, त्यातल्या साखरा तपासल्या, आणि जिवाणू सशाला टोचला. सशानं कोबी खात खात प्रतिद्रव्यं तयार केली. विभागात वेळेवर काम करणारा तो एकटाच. आता सशाच्या रक्तरसाला ते आवरण भेटलं, की जेलीत रेघ उमटणार होती.

पावसच्या भिकाजीकाकांना तिनं हा जिवाणू एका कुणग्याच्या, शेताच्या एका लहान तुकड्याच्या, बियाण्याला चोळायला दिला होता. शेजारचा कुणगा तसाच ठेवायचा होता. रेघ मात्र दोन्हीकडच्या गाठींना आली.

"म्हणजे तुझ्या जिवाणूचा अंगरखा गावातल्या सगळ्यांसारखाच," तिच्या मार्गदर्शक राजश्री मॅडम म्हणाल्या. "मग याला ओळखायचं कसं? दुसरा शोध. पहिल्यापासून."

इशरत तडक पावसला गेली.

"काका, एकाच कुणग्याला चोळलंत ना?"

"दोन्ही."

"दोन्ही?"

"बाय गो, पंगतीत एकाला वाढायचं नि शेजारच्याचं पान कोरडं ठेवायचं? आमच्यात नाही तसं करत." काका चक्क दुखावले होते.

इशरतनं कपाळाला हात लावला. "आणि बांधापलीकडं? झुबेरभाईंच्या कुळथाला?"

"त्याला मी पाणीसुद्धा विचारत नाही. माझ्या आंब्याची फांदी तोडलीन त्यानं!"

म्हणजे तिकडं तिचा जिवाणू पोचलाच नव्हता; भांडण ऐकून इतका आनंद तिला कधी झाला नव्हता. झुबेरभाईंनी गाठी दिल्या, फांदीची आपली बाजूही सविस्तर सांगितली. तिनं दोन्ही घेतल्या.

दुसऱ्या दिवशी तिच्या जिवाणूपुढं ठसठशीत रेघ होती. झुबेरभाईंच्या गाठींपुढं काही नाही. मॅडमनी बशी उजेडात धरली, फिरवली, उलटी केली.

"आणखी शेतांतल्या गाठी आण," त्या म्हणाल्या. "दुसरा शोधायचं राहू दे."

इशरतनं फोन लावला. "काका, हंगाम संपेपर्यंत झुबेरभाईंना यातलं काही देऊ नका हं."

"त्याच्याशी बोलतोय कोण?" काका म्हणाले. मग हळूच, "सकाळी आला होता. माझा कुळीथ हिरवागार दिसतोय म्हणे, काय घातलंस? म्हटलं, पुढच्या वर्षी मीच चोळून देतो. यंदा नको, बाय रागावेल."