काळ्या मुठीचा वस्तरा

मी काळ्या मुठीचा एक जुना वस्तरा आहे, मित्रांनो, आणि खरे सांगायचे तर आता बोलायचाही कंटाळा येतो. लातूरच्या एका सलूनमध्ये, खणात, तुटक्या कंगव्यांच्या सोबतीने मी पडून असतो. लातूर वेगळा जिल्हा झाला, नव्या कचेऱ्या उघडल्या, त्यांत कारकून आले, साहेब आले, आणि त्या सगळ्यांना रोज सकाळी गुळगुळीत गाल हवे झाले. म्हणून उदगीरकडच्या आमच्या गावातून गुरुपादप्पा इथे आला आणि त्याने दुकान थाटले. त्याच्या हातात ब्लेडचा वस्तरा असतो. ब्लेड बोथट झाले की फेकायचे आणि नवे घालायचे. धार लावायची कटकट नाही. मला तो बाटलीचे बूच उकरायला तेवढे काढतो.

माझा भाऊ मात्र भिंतीवरच्या काचेच्या पेटीत असतो. त्याची मूठ पांढरी आहे, हाडाची. गिऱ्हाइकाने विचारले की गुरुपादप्पा बेधडक सांगतो, "विलायती हाय. निजामाच्या काळातला." भाऊ गप्प बसतो. विलायत त्याने माझ्याइतकीच पाहिली आहे.

आम्ही दोघे नांदेडच्या एका कारागिराच्या भट्टीत जन्मलो, एकाच जुन्या कानशीच्या पोलादातून. त्याने आम्हाला सारखेच तापवले, सारखेच पाणी दिले आणि दोघांचीही पाती घासून घासून पातळ केली. पाते असे पातळ असले की ते दाढीत अडखळत नाही. तिथपर्यंत आमच्यात काडीचा फरक नव्हता. मुठी बसवायच्या वेळी त्याच्याजवळ एक हाडाची होती आणि एक म्हशीच्या शिंगाची. हाताला लागली ती त्याने बसवली, माझ्या वाट्याला शिंग आले.

माळेगावच्या जत्रेत गुरुपादप्पाच्या आजोबाने, शिवप्पाने, आम्हाला जोडीने विकत घेतले. गावात हजामतीचे घर ते एकच होते. घरी येताच त्याने वाटणी करून टाकली. पांढरा गावासाठी, काळा वस्तीसाठी. वस्ती म्हणजे ओढ्यापलीकडची. तिथल्या माणसांना शिवायचे नाही, असे गावाने कधीचे ठरवून टाकले होते. शिवप्पा गेला, त्याचा मुलगा मलप्पा हत्यारांची धोकटी घेऊन फिरू लागला, पण वाटणी तीच राहिली. पुढे वस्तीने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, जुनी कामे सोडली, पोरांना शाळेत घातले. गावाने आपली रीत काही सोडली नाही, आणि मलप्पा गावाच्या पुढे जाणारा माणूस नव्हता.

एक वस्तरा गालावरून अलगद फिरतो आणि दुसरा ओरबाडतो, हे कशामुळे, असे तुम्हाला वाटत असेल. पोलाद चांगले हवे, हे तर आहेच. पण पोलाद एकटे काय करणार? बारीक दगडावर पाणी टाकून, पाते आडवे धरून, हलक्या हाताने धार लावावी लागते. मग दर दाढीआधी चामोटीवर, म्हणजे चामड्याच्या पट्ट्यावर, पाते फिरवावे लागते. दाढी करताना धारेची कड डोळ्यांना दिसणार नाही इतकी मुडपते, ती चामोटीने सरळ होते. काम झाले की पुसून कोरडे ठेवावे लागते, नाहीतर गंज धरतो. शिवाय समोरच्याची दाढी नीट भिजू द्यावी लागते. माझ्या भावाला हे सगळे मिळत होते. मला चामोटीवर चढवले असते तर ती बाटली असती, म्हणून मला ती कधी लागलीच नाही. केव्हातरी आठवण झाली की मलप्पा मला पायरीच्या दगडावर घासायचा आणि ओल्या अंगाने चिंधीत गुंडाळायचा.

ओढ्याकाठी बाभळीखाली तो वस्तीच्या दाढ्या करी. काम उरकायची घाई असे, गालाला गार पाण्याचा नुसता हात लावला की सुरू. त्यात भीमाची दाढी फार राठ. मी फिरू लागलो की तो दोन्ही हातांनी गुडघा आवळून बसे आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी येई. मला मेल्याहून मेल्यासारखे होई.

"अप्पा, वस्तरा लई वढतो बगा," तो म्हणे.

"लोखंडच हलकं हाय त्याचं. मी काय करू?"

"असंल बाबा," म्हणून भीमा दुसरा गाल पुढे करी. हे मी इतक्यांदा ऐकले की शेवटी मलाही ते खरे वाटू लागले.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. विहिरीत बादली सोडली की ती तळाला आपटून नुसती वाजायची. रस्त्याच्या कामावर गाव आणि वस्ती दोन्ही खडी फोडायला गेली. भीमा गेला, त्याचा मुलगा केरबाही गेला. प्यायला पाणी नाही तिथे दाढी कोण करतो? सगळ्यांच्याच दाढ्या वाढल्या. खडीची धूळ भीमाच्या छातीत बसली, खोकून खोकून तो खंगला आणि त्याने अंथरूण धरले.

एका सकाळी केरबा मलप्पाच्या अंगणाबाहेर येऊन उभा राहिला.

"अप्पा, बापाची दाढी करायची हाय. घामानं निस्ती खाजून राहिली, डोळा लागू देत न्हाई."

"येतो की उद्या."

"पर त्यो भेतो."

"कुणाला?"

"वस्तऱ्याला." केरबाने मान खाली घातली. "डाक्टर म्हनला, घरी न्या आता. बाप दुसरं काई मागत न्हाई. जायच्या आदी एक दाढी न दुखता व्हावी, येवढंच म्हनतोय. पांढऱ्या मुठीचा आना अप्पा. एकडाव."

मलप्पाने रस्त्याकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. "पेठेतल्या गुरुबसप्पा आडत्याला कळलं तर त्यो पुन्हा माझ्याम्होरं बसंल का? त्यो उठला की समदी पेठ उठती. मी काय खाऊ?"

केरबा आल्या वाटेने परत गेला. मलप्पाची बायको शरणम्मा दारात उभी राहून ऐकत होती.

"पांढरा न्हाई तर न्हाई," ती म्हणाली. "काळ्याला धार लावा की."

"अगं, त्याचं लोखंड..."

"लोखंडाचं मला सांगू नका. मामंजींनी सोता सांगितलंय, दोगं एकाच भट्टीचे हायेत म्हनून." तिने प्यायच्या पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे ठेवला. "मरत्या मानसाला किती तरास देताव?"

मलप्पा दगड घेऊन बसला. मला इतका वेळ कोणी कधी दिला नव्हता. गंज गेला, खाचा गेल्या, पाते चमकू लागले. नंतर त्याने खुंटीवरच्या चामोटीकडे पाहिले आणि हात थांबला. शेवटी त्याने ती ओढून घेतली आणि मला तिच्यावरून फिरवले. मित्रांनो, मला आनंद झाला, नाही म्हणत नाही. पण त्याहून जास्त राग आला. इतके सोपे होते ते.

भीमाला बाभळीखाली आणणे शक्य नव्हते. मलप्पा उंबऱ्याशी घुटमळला आणि आत गेला. त्या घरात तो पहिल्यांदाच जात होता. भीमाच्या बायकोने, सरजाबाईने, टँकरच्या पाण्यातले थोडे गरम करून ठेवले होते. ऊन फडके तिने नवऱ्याच्या दाढीवर धरले. भीमाने सवयीने गुडघा आवळला आणि डोळे मिटले.

मी कानशिलापासून खाली उतरलो. एकही केस ओढला गेला नाही. हनुवटी झाली, ओठावरचा भाग झाला, गळ्यावरची सैल कातडी झाली. भीमाचे हात हळूहळू गुडघ्यावरून सुटले. मध्येच तो घोरू लागला, तेव्हा सरजाबाईला हसू फुटले आणि लगेच तिने पदर तोंडाला लावला.

दाढी झाल्यावर भीमाने डोळे उघडले आणि गालावरून तळवा फिरवला.

"पांढराच आनला न्हवं, अप्पा?"

हो म्हटले असते तर सगळे तिथेच मिटले असते. म्हातारा सुखाने झोपला असता, मलप्पाही सुटला असता. पण त्याने मला वर धरून दाखवले.

"न्हाई भीमा. तुमचाच हाय. काळा."

भीमा माझ्याकडे पाहत राहिला. रागावला असता तरी मला बरे वाटले असते. त्याने अगदी साधेपणाने, लहान पोर विचारते तसे विचारले,

"मंग इतकी वर्सं का दुकत हुतं, अप्पा?"

मलप्पा मला पुसू लागला. मी केव्हाच कोरडा झालो होतो, तरी तो पुसतच राहिला. उत्तर त्याला ठाऊक होते, मलाही होते, आणि भीमालाही विचारता विचारताच कळले असावे. त्याने तोंड भिंतीकडे केले.

आठवड्याने मलप्पा मला पुन्हा चामोटीवर पाजळून वस्तीत गेला. या वेळी त्याला कोणी बोलावले नव्हते. केरबा दारात बसला होता. "कालच गेला, अप्पा," तो म्हणाला. मलप्पा धार लावलेला वस्तरा हातात घेऊन उभा राहिला.

मित्रांनो, मला आता पेटी नको आणि विलायती म्हणून कौतुकही नको. एवढेच मागतो. तुमच्या हातातून कोणाला दुखू लागले, तर लोखंड हलके आहे असे चटकन सांगून मोकळे होऊ नका. त्याला पाजळले होते का, ते आधी बघा, आणि समोरचा माणूस आहे तोवर बघा. मलप्पाला ते जमले, पण उशिरा. भीमाच्या वाट्याला न दुखणारी एकच दाढी आली.