माझ्यात टाकलेली तीन पत्रं

मित्रांनो, मालाडच्या एका ऑफिसात भिंतीला टांगलेली जुनी तक्रारपेटी मीच. घाटकोपरच्या एका पत्रेवाल्याने मला घडवलं, लाल रंग दिला आणि माझ्यावर 'महिलांसाठी' असं लिहिलं. तेव्हा मला अभिमान वाटला होता. तो फार दिवस टिकला नाही, कारण माझी चावी मॅनेजर श्यामसुंदरकडे होती.

हा माणूस गंधाली नावाच्या नव्या मुलीच्या खुर्चीमागे येऊन उभा राही आणि तिच्या खांद्यावर हात ठेवी. तिने हात झटकला की कामाचं निमित्त काढून सगळ्यांदेखत झापी. तिने तीन पत्रं माझ्यात टाकली. तिन्ही त्यानेच काढली, वाचली आणि फाडली. मला ओरडता आलं नाही.

शेवटी गंधालीने सगळं ऑनलाइन लिहिलं. दोन दिवसांत हजारो लोकांनी ते पुढे पाठवलं. मालक घाबरले. मला नवा रंग लागला, माझा फोटो कंपनीच्या पेजवर झळकला. चौकशीला समिती नेमली, तिच्यात बाहेरच्या एक वकीलबाई घेतल्या. एवढं त्या पोस्टने केलं, हे मी नाकारत नाही.

सुनावणी महिन्याभराने होती. तोवर लोक दुसऱ्याच कशावर तरी चिडले होते. पोस्टखाली 'आम्ही तुझ्यासोबत' लिहिणारी दीप्ती गंधालीच्या शेजारीच बसे.

"तू बघितलंयस ना गं? आत येऊन एवढंच सांग," गंधाली म्हणाली.

"यार, माझं प्रमोशन अडकलंय. पोस्टला सपोर्ट केला ना मी," दीप्ती मोबाइलवरून नजरही न उचलता म्हणाली.

मला तिची किळस आली.

आत गेली ती लादी पुसणारी सुनंदाबाई. तिच्याकडे साधा बटणांचा फोन. पोस्ट तिने वाचलीच नव्हती. "मी बघितलंय. दोनदा. लिहून घ्या," ती वकीलबाईंना म्हणाली आणि तिने सही केली. तिच्या शब्दावर श्यामसुंदरची नोकरी गेली.

पुढच्याच महिन्यात साफसफाईच्या ठेकेदाराने सुनंदाबाईला काढून टाकलं. कारण सांगितलं नाही. गंधालीने त्यावरही लिहिलं. अकरा लाइक आले. त्यात एक दीप्तीचा होता.

मित्रांनो, माझ्यावर धूळ बसली तरी चालेल. खरं बोलणाऱ्या बाईला एकटं पाडू नका. सोमवारी सकाळी अकराला गंधाली सुनंदाबाईला घेऊन कामगार कार्यालयात तक्रार द्यायला जाणार आहे. तिथे बसायला बाक असतील. मोबाइल खिशात ठेवा आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसा.